आबाजीचा रेडिओ अन् आजीचा अबोला (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

ताई (दारव्हा): पोळ्याले सगळेच गावी येऊन राहिले ना, तर माह्यं एक म्हणणं आहे. आबाजीच्या अन् आजीच्या गोष्टी आता लिहून काढू, आत्या अन् मोठेबाबा सांगणारे आहेत तोवर. पण खऱ्या लिहू. पुण्यतिथीच्या पत्रिकेत आपण त्यांना "शांत, मितभाषी" छापलं, आपले आबाजी तसे नव्हते, घरात बोलले तर आवाज नाल्यापलीकडच्या वावरात जाये. मले ते तसेच पाहिजेत, पोरांना पण तसेच माहीत व्हावे.

मोठेबाबा: कायले पण? घरातलं भांडण घरातच बरं. दोन पोरींचे लग्न जमवाचे आहेत, लोकं काय म्हनतीन.

आत्या (वर्धा): दादा, लोकाइले काय माहीत नाही? अख्ख्या गावानं आयकलं आहे. रेडिओचं तर पहिले लिही बाई. कापसाच्या बंड्या घेऊन आबाजी संकलन केंद्रावर गेले, तिथं लाईन इतकी की कापसावरच झोपून राती काढल्या, आईनं जातानी सांगतलं होतं की चुकारा आला की दोन लुगडे आना, सण आहे, अन् हे आले तर खांद्यावर रेडिओ! लुगडं एक बी नाही. आई काही बोलली नाही. म्हणजे मंग बोललीच नाही, पार गहू निघेपर्यंत. "सांग तुह्या बापाले भाकर झाली", बाप तिथंच चुलीपाशी बसून, तो म्हणे "सांग तुह्या मायले मीठ कमी आहे", अन् मी मधात. एक दिवस मी मैत्रिणीच्या घरी गेली तर दोघं बी उपाशी बसले, निरोप न्यायले कोणी नव्हतं म्हणून.

दादा (पुणे): 😂😂 हे मले आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही. कोणत्या सालची गोष्ट?

आत्या (वर्धा): साल ध्यानात नाही बाप्पा. एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारलेच विकाचा, ते १९७२ ले सुरू झाली, त्याच्या नंतरचंच हे, कारण त्याच्या पहिले आबाजी कापूस गावातल्या व्यापाऱ्यालेच देत. अन् पैसे हप्त्या-हप्त्यानं भेटत, त्याच्यानंच तर आईचा जीव जळला, पहिला हप्ता रेडिओत गेला न! पण सांजच्याले नागपूर केंद्र लागलं की आई भांडे घासणं थांबवून आयके. आबाजीले ते दिसे. ते आवाज वाढवत अन् तोंड तिकडं फिरवत.

वहिनी: हे शेवटचं मला फार आवडलं आत्या. ताई, हे असंच्या असं लिहा, सुधरवू नका.

ताई (दारव्हा): हो, आत्या बोलते तसंच. शुद्ध करायला गेलं की त्यातली आजी निघून जाते. आता शकुंतलाचं कोण सांगते? नवीन पोट्ट्यांसाठी सांगते, शकुंतला म्हणजे आपली मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडी, ११३ किलोमीटरची लाईन, रूळ अडीच फुटाचे, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली.

आत्या (वर्धा): मूर्तिजापूरले लग्नाले निघाले दोघं. आबाजीले भूक लागली, आईनं शिदोरी समोरच्या लेकुरवाळ्या बाईले देऊन टाकली होती. आबाजी तणतणत कारंज्याले उतरले अन् मांगच्या डब्यात जाऊन बसले, आईले वाटलं गेले वापस घरी.

मोठेबाबा: चूक आहे ते. मांगच्या डब्यात नाही बसले. ठेसनाबाहेर भजे खायले गेले अन् गाडी सुटली. मंग ट्रकवर बसून आले. मले त्याहीनं सोता सांगतलं.

आत्या (वर्धा): तुले तेच सांगतीन, मांगच्या डब्यात लपलो होतो म्हणून कसे सांगतीन?

मोठेबाबा: अन् आईनं लग्नात सगळ्याइले सांगतलं का त्याइले काम निघालं, वावरात माणसं लावले आहेत. तेवढ्यात हे पहिल्या पंगतीत बसलेले. आई वाढायले आली, पात्रापाशी थांबली अन् याइले सोडून पुढच्याले जिलबी वाढली.

दादा (पुणे): मोठेबाबा तुम्ही तर नको म्हणत होते 🙏😄

ताई (दारव्हा): दोन्ही लिहू, डबा पण अन् ट्रक पण, कोण म्हणते ते नावानिशी. मोठेबाबा, मानापमानाचं म्हणता तर लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे पहा. पहिला भाग १९३४ ला आला. नवरा रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव, हे दोघं आपल्या नागपुरातही राहिले आहेत. अन् बाई मोकळेपणानं लिहितात की ते न सांगता घरातून निघून जात, हातात पैसा टिकत नसे, अन् बाईंच्या वडिलांचं सोवळं तर असं की विकत आणलेलं मीठसुद्धा धुवून घेत. वाचताना हसून पुरेवाट होते पण टिळकांचा मान कुठंच कमी होत नाही, कारण बाई स्वतःचे रुसवे-फुगवेही लपवत नाहीत. आपल्याला तेवढंच करायचं आहे.

काकू: मंग तुमच्या काकाच्या दारूचं काय करता? पिऊन आले की बैलाच्या पाया पडत, ते सगळे हसून सांगता. लिहा, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी लोकाच्या वावरात निंदनाले जात होती, ते बी लिहा. एकटं बैलाचं नको.

(बराच वेळ कोणी टाईप केलं नाही)

ताई (दारव्हा): काकू, खरं आहे तुमचं. ते तुम्हीच सांगा, मी लिहून घेते, अन् तुम्ही वाचून हाव म्हटल्याशिवाय ग्रुपवर पण टाकणार नाही. कोणाचं हसण्यावारी न्यायचं अन् कोणाचं नाही हे ज्याचं त्यानंच ठरवावं.

काकू: चालते. दुपारी ये, भाकर खाऊनच जाजो.

मोठेबाबा: बरं लिहा मंग. पण माह्या लग्नात मी घड्याळासाठी रुसलो होतो ते घालाचं नाही, सांगून ठेवतो.

आत्या (वर्धा): कोण सांगणार आहे? मी तर तवा लहान होती.

मोठीआई: मी होती न तिथं. अंतरपाटाच्या इकडून सगळं आयकत होती. ये वं पोरी, वही घेऊन ये.