बहिणीला इंजिनिअरिंगला सीट लागली, कॉलेज पूर्ण फी मागतंय. फीमाफी, स्कॉलरशिप, होस्टेल: कुठून सुरुवात करू?

बार्शीकर९८:
नमस्कार मंडळी. बहिणीला कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरला सीट लागली. घरातली पहिलीच इंजिनिअर होणार, म्हणून आई दोन दिवस गल्लीत पेढे वाटत फिरतेय आणि मी मोबाइलवर फीचा आकडा बघत बसलोय. एक लाख अडतीस हजार आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ, असं कॉलेजचं म्हणणं.

आम्ही ओबीसी. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू, आई अंगणवाडीत मदतनीस, मी चाकणला कंत्राटी कामगार. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी आहे. नॉन-क्रिमीलेअर पण आहे, अकरावीला काढलेलं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा.

मुलींना फी माफ झाली असं पेपरात वाचलं होतं. ते खरं असेल तर हे पैसे कशाचे? होस्टेल-मेसचं काही होतं का? नाहीतर सरळ कर्ज काढू? गावातला सेतूवाला म्हणतो, पाचशे दे आणि ओटीपी सांगत जा, सगळं करून देतो.

जुना_हेडक्लार्क:
बार्शीकर, आधी बहिणीचं अभिनंदन. मी एका कॉलेजात बरीच वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर काढली, आता निवृत्त. जे बघितलं ते सांगतो. पात्र नाही म्हणून पैसे बुडालेली पोरं मी कमी बघितली. कागद उशिरा आला, चुकीचा आला, किंवा खातं भलतंच निघालं, म्हणून बुडालेली ढिगानं.

फीमाफी खरी आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात आधी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात निम्मी सवलत होती, ती २०२४-२५ पासून शंभर टक्के झाली. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही मिळत नाही. कॅप असल्यामुळे तुमचा मार्ग मोकळा आहे.

आता एक लाख अडतीस हजारांचं. माफी फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क भरावं लागतं, आणि अनामत, ओळखपत्र वगैरे चिल्लर कॉलेज लावतंच. त्यामुळे शून्य रुपयांत प्रवेश होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण पूर्ण रक्कम आधी भरून घेणं हेही योजनेत बसत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते, त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती हे वेगळं दाखवलेलं असतं. ते काढा. कॉलेजला म्हणा, विकास शुल्क आज भरतो, उरलेल्याचं हमीपत्र देतो. तोंडी नाही, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, हा अनुभव आहे. तरी ऐकलं नाही तर तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय कार्यालयात सहसंचालकांच्या नावे तक्रार द्या.

आणि ते अकरावीतलं नॉन-क्रिमीलेअर बघा हो जरा. त्यावर कधीपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं. प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. संपलेलं असेल तर आजच अर्ज टाका. सीट धोक्यात येते ती इथे, फीमध्ये नाही.

बार्शीकर९८:
काका, आत्ताच कपाटातनं काढलं. याच मार्चला संपलंय. हातपाय गार पडले.

जुना_हेडक्लार्क:
घाबरू नका, पण झोपूही नका. नव्यासाठी अर्ज केल्याची पावती जपून ठेवा, कॉलेजला दाखवा, कधीपर्यंत मूळ दाखला द्यायचा ते लेखी विचारा. त्याच फेरीत उत्पन्नाचा दाखला पण नवा काढा. तलाठ्याचा अहवाल आणि मग तहसीलदाराचा दाखला. रेशनकार्डावरची नावं, आधारवरची नावं आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. 'सुनिता' आणि 'सुनीता' यावरून अर्ज परत आलेले आहेत माझ्या टेबलावर.

तिसऱ्या_वर्षाची:
ताई म्हणा किंवा काहीही, मी स्वतः महाडीबीटीची (फीमाफी-स्कॉलरशिपचे अर्ज करायचं राज्याचं पोर्टल) पीडित. दुसरं वर्ष झालं तरी पहिल्या वर्षाचे पैसे दिसेनात. कारण काय, तर आधार 'लिंक' होतं पण 'सीडिंग' दुसरीकडे होतं. बँकेत आपण आधारची झेरॉक्स देतो ते झालं लिंक. सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (देशातली पेमेंटची संस्था) नोंदीत ज्या बँकेचं नाव शेवटी चढलंय तिथे जातात. माझं चढलं होतं दहावीत उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्यावर, जे वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे बंद पडलेलं. नवीन बँकेच्या साहेबांनी तीन वेळा 'झालंय' सांगितलं, झालं नव्हतं.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे जी बँक दिसेल तीच खरी. बहिणीच्या स्वतःच्या नावाचं चालू खातं पाहिजे, तुमचं नाही, वडिलांचं नाही.

आणि तो पाचशेवाला. अर्ज त्याच्याकडून टाईप करून घ्या हवं तर, पण मोबाइल नंबर बहिणीचा, पासवर्ड तुमच्या वहीत. आमच्या बॅचच्या एका मुलीचा नंबर कॅफेवाल्याने स्वतःचा टाकला होता. कॅफे बंद पडला, ओटीपी त्याच्याबरोबर गेला.

फाईलचं पण ऐका: प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो. मोबाइलने फोटो काढून डोकं आपटत बसण्यापेक्षा एकदाच नीट स्कॅन करून सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण हा अर्ज दरवर्षी करायचा आहे. दुसऱ्या वर्षी 'नूतनीकरण' म्हणून. आपोआप काही होत नाही.

बार्शीकर९८:
अर्ज एकदा पाठवला की झालं ना?

तिसऱ्या_वर्षाची:
छे! पाठवला की तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, तिथून विभागाच्या टेबलावर. कॉलेजने बघितलाच नाही तर तो तिथेच पडून राहतो आणि मुदत संपते. काही चूक निघाली तर 'सेंड बॅक' होतो, आणि ते आपल्याला कुणी फोन करून सांगत नाही. दर आठवड्याला लॉगिन. मी सोमवार ठरवलाय, उपासासारखा.

वसतिगृहवाला:
फीवरच सगळे बोलतायत. खरा खर्च पुण्यात राहण्याचा आहे हो. तुमच्यासाठी बघण्यासारखं म्हणजे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) मुलामुलींना, ज्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही आणि जे शिकायला परगावी राहतात, त्यांना खोली-जेवणासाठी थेट पैसे. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या गावात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. उत्पन्नाची मर्यादा इथे अडीच लाख आहे, आठ नाही. जागा पण मोजक्या, जिल्ह्याला ६०० विद्यार्थी. आधी वसतिगृहाचा अर्ज करायचा, तो नाही लागला की आधारचा. चौकशी इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांच्या कार्यालयात. (आधार कार्ड वेगळं, आधार योजना वेगळी. हे मी खिडकीवर पाच मिनिटं भांडून शिकलो.)

मी स्वतः एससी, मला त्याच धर्तीची स्वाधार मिळते. पैसे उशिरा येतात, हे धरून चाला. पहिल्या सत्राचे दिवाळीनंतरच बघायला मिळाले. तोवर मेसवाल्याशी गोड बोलून चालवलं.

आणि पुण्यात आहात तर विद्यार्थी साहाय्यक समितीचा फॉर्म भराच. खेड्यातल्या गरजू पोरापोरींसाठी १९५५ पासून वसतिगृहं चालवतात, खर्च अगदी माफक, मुलाखत घेऊन निवड. तिथे राहिलेला एक जण मला म्हणाला होता, खोलीपेक्षा तिथली शिस्तच जास्त कामी आली. मला तेव्हा हसू आलं होतं.

ओपनचा_बाप:
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा मुलगा ओपन, ईडब्ल्यूएस नाही काढलेलं, उत्पन्न पाच लाख, शेती दीड एकर. मुलग्यांना काहीच नाही का? सगळं मुलींनाच?

जुना_हेडक्लार्क:
आहे की. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, शिक्षण आणि परीक्षा शुल्क निम्मं. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. तुम्ही अल्पभूधारक शेतकरी असाल आणि मुलगा होस्टेलवर असेल तर तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला काढून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही त्याच महाडीबीटीवर करा. हा भत्ता पुष्कळांना माहीतच नसतो.

पुढच्या वर्षी कुणाचं पोर कॅपला बसणार असेल त्यांच्यासाठी: पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) सोडू नका. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुणालाही, जात न बघता. शिक्षण शुल्क चारही वर्षं माफ. कोडच्या शेवटी टी असतो. कटऑफ चढा लागतो आणि नंतर कॉलेज-शाखा बदलता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. माझ्याकडे दरवर्षी पालक यायचे, 'हे आम्हाला कुणी सांगितलं नाही' म्हणत. माहितीपुस्तिकेत छापलेलं असायचं.

सगळीकडे_अर्ज:
बार्शीकर, केंद्राची पण आहे ना, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बारावीत बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असेल तर वर्षाला १२ हजार. शिवाय मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार. तिन्ही-चारही भरून टाका, जे लागेल ते लागेल.

जुना_हेडक्लार्क:
थांबा. असं भरून टाका म्हणूनच पोरं अडकतात. केंद्राच्या त्या १२ हजारांच्या योजनेत स्पष्ट अट आहे: राज्याची शिष्यवृत्ती, फीमाफी किंवा फीची प्रतिपूर्ती घेणारा विद्यार्थी चालत नाही. लाखाची माफी सोडून बारा हजारांच्या मागे कोण जाईल? प्रगती चांगली योजना आहे, पण तिची नियमावली वाचून, दुसरा लाभ चालतो का ते बघून मगच भरा. दोन्हीकडे घेतलं आणि नंतर निघालं तर वसुली येते.

सगळीकडे_अर्ज:
मान्य. मग खासगी तरी? रिलायन्स फाउंडेशनची पदवीची आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी, पूर्ण डिग्रीला मिळून दोन लाखांपर्यंत. उत्पन्न १५ लाखांच्या आत आणि बारावीला ६० टक्के. ऑनलाइन चाचणी होते. पुण्यात मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन पण आहे.

तिसऱ्या_वर्षाची:
लीला पूनावालाला माझी रूममेट आहे. घरची परिस्थिती बघून निवडतात, मुलाखत असते, आणि नुसते पैसे देऊन सोडत नाहीत, इंग्रजी-संगणक वगैरेचे वर्ग पण घेतात. बहिणीला सांगा, मुलाखतीत रडगाणं नको आणि फुशारकीही नको. घरी किती एकर, काय पिकतं, पैसे कमी पडले तर काय करणार, हे सरळ सांगायचं. रूममेटने कांद्याचा भाव सांगितला म्हणे, समोरच्या बाईंनी पुढचे चार प्रश्न कांद्यावरच विचारले.

वसतिगृहवाला:
कर्जाबद्दल कुणी बोललं नाही. सगळं जमलं तर लागणारच नाही. लागलंच तर सरकारी बँकेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या कर्ज योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही नाही, पण कॉलेज त्यांच्या ठरलेल्या यादीत असायला हवं. सुरुवातीला ८६० संस्था होत्या, आपली खासगी कॉलेजं बहुतेक बाहेरच. फी माफ झाल्यावर फक्त विकास शुल्क, लॅपटॉप आणि मेससाठी कर्ज काढायचं का, हे वडिलांशी बोला. सावकाराकडे मात्र जाऊ नका.

बार्शीकर९८:
मंडळी, काय बोलू. काल रात्री आई, बहीण आणि मी तिघं बसून वही केली. बहिणीनेच लिहिली, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे तिचं. सीडिंग बघितलं: जनधनचं जुनं खातं निघालं, जे आजीबरोबर जोडून काढलं होतं! उद्या बहीण स्वतः बँकेत जाणार. मी अर्धा दिवस रजा टाकून बार्शीला तहसीलमध्ये, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्न दोन्हीचे अर्ज. सेतूवाल्याला ओटीपी नाही म्हटलं तर तोंड वाकडं केलं त्याने. करू दे.

प्राधिकरणाच्या साईटवर आमच्या कॉलेजची फी सापडली. विकास शुल्क साडेतेरा हजारांच्या आसपास. तेवढे आईच्या भिशीतून निघतायत.

काका, शेवटचं एक. ते फीचं पान कॉलेजला मोबाइलवर दाखवलं तर चालेल का?

जुना_हेडक्लार्क:
छापून न्या. दोन प्रती. एकीवर पोच.