मदत हवी आहे: ज्वालामुखी एका दिवसात चढून उतरता येईल का?

सह्यवेडी: पुढच्या आठवड्यात बेटावर जातेय. ज्वालामुखी मृत आहे, त्यामुळे उद्रेकाची काळजी नाही. प्रश्न एवढाच की सकाळी निघून अंधार पडायच्या आत खाली येता येईल का? वाटेतल्या मुक्कामाच्या हटमध्ये जागा शिल्लक नाही. कृपया लवकर सांगा, तिकिटं बदलायची तर आजच बदलावी लागतील.

कोकण्या: कुठलं बेट? अंदमानचं नारकोंडम असेल तर परवानगीशिवाय उतरताच येत नाही.

सह्यवेडी: अहो, अंदमान नाही. हिंदी महासागरातलं रियुनियन! तिथला पितों द नेज.

भटक्या_नाशिक: त्यापेक्षा त्याच बेटावरचा फुर्नेज करा. 2,632 मीटर, जिवंत ज्वालामुखी, आणि गाडी बरीच वरपर्यंत जाते.

सह्यवेडी: मी नेजचं विचारतेय.

पाऊलवाट: होतं, मी केलंय. सिलाओस गावाच्या वर ले ब्लॉकहून वाट सुरू होते. 1,380 मीटरवरून 3,071 वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट चढाई. हटपर्यंत तीन तास, पुढे माथा दीड तास. खालच्या जंगलात लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या आहेत, ओल्या असल्या की पाय सटकतो. हटच्या वर झाडी संपते, नुसते सुटे दगड. ढग उतरले की खडकावरच्या पांढऱ्या खुणा शोधत चालावं लागतं. मुक्काम कुठे आहे? सोबत कोण?

सह्यवेडी: मुक्काम सां-देनीला, बेटाच्या राजधानीत. आई आहे सोबत. गाडी नाही.

पाऊलवाट: हे आधी सांगायचं ना! सां-देनीहून बसने सिलाओस गाठेपर्यंत अर्धा दिवस जाईल. जुलैत तिथे हिवाळा, सहाच्या आत अंधार. अशाने जमणार नाही.

कोकण्या: आईंचं वय किती? गुडघे कसे आहेत?

सह्यवेडी: 61. दरवर्षी आळंदीहून वारीला जाते, गुडघे ठणठणीत.

भटक्या_नाशिक: वारीची वाट बरीचशी सपाट. 1,700 मीटर उतरताना गुडघे बोलतात.

कोकण्या: दिवे घाट काय सपाट आहे? रोज मैलोन् मैल चालणाऱ्या बाईला कमी लेखू नका.

मॉरिशसकर: आमच्याकडून रियुनियनला विमानाने पाऊण तास. आईंना घेऊन इकडे या, ल पूस डोंगर चढा. जेमतेम 812 मीटर, 1836 साली डार्विनही चढला होता.

काळा_पाषाण: रियुनियनखालच्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो ती जागा) भारत सरकला तेव्हाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वर आला असं मानतात. आपला सह्याद्री आणि नेज एकाच चुलीवरचे. दगड जरूर न्याहाळा.

भटक्या_नाशिक: त्यांना वेळ विचारायचीय, भूगर्भशास्त्र नाही.

काळा_पाषाण: एवढं लांब जाऊन हे माहीत नसेल तर नुसती उंचीच मोजायची का?

सह्यवेडी: काळा_पाषाण, हे आईला वाचून दाखवलं, तिला फार आवडलं. सिलाओसला दोन रात्रींची खोली मिळाली. पहाटे 3 ला निघू. आई हटपर्यंत येईल, पुढचं तिथे ठरवू. थंडी किती असते?

पाऊलवाट: पहाटे माथ्यावर शून्याच्या आसपास, वर वारा. कानटोपी, हातमोजे, हेडटॉर्च आणि माणशी तीन लिटर पाणी. हटवर आईंना एकटं बसवणार असाल तर जाड जॅकेट त्यांच्याजवळ ठेवा. नवाच्या सुमाराला ढग चढायला लागतात, त्याआधी माथा गाठा. आईंचे बूट कुठले आहेत?