डॉट कॉम दुसरीकडे हलवायचंय: स्वस्त परदेशी रजिस्ट्रार की आपला इथला?

साखळी_काजूगर
गोव्यात साखळी गावात आमचं काजूगरांचं दुकान आहे. डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं तेव्हा पहिल्या वर्षाला दीडशे रुपये मोजले होते. यंदा नूतनीकरणाचं बिल आलं सोळाशेच्या वर, आणि त्यात मी न मागितलेली कसली तरी 'सुरक्षा सेवा' जोडलेली. ती काढून घ्या म्हणून तीन दिवस चॅटवर बसलो. दर वेळी नवा माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. पत्ता प्रत्येक डब्यावर छापलाय, त्यामुळे डोमेन सोडता येत नाही; रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, मात्र बदलणारच. माझं मत असं की, दुसऱ्या वर्षाचा दर जो आजच सांगतो त्याच्याकडे जावं, मग तो परदेशी का असेना. मुदत नोव्हेंबरात संपते.

पर्वरीकर
पूर्ण सहमत. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइनकडे असते आणि प्रत्येक रजिस्ट्रारला तिथे डोमेनमागे वर्षाला ठरावीक रक्कम भरावी लागते. १ सप्टेंबर २०२४ला ती १०.२६ डॉलर झाली. त्याच्या खूप खाली विकणारा पदरचे घालतो आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडूनच काढतो. क्लाउडफ्लेअर हा परदेशी रजिस्ट्रार मूळ भावातच देतो, पण मग नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या साइटवर न्यायचं ते सांगणारे सर्व्हर) त्यांचेच वापरावे लागतात. ते चालत असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

म्हापसा_हिशेब
मला हे अजिबात पटत नाही. दुकानदाराने परदेशी रजिस्ट्रारच्या वाटेला जाऊ नये. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर ई-मँडेट, म्हणजे कार्डवाल्याची आगाऊ परवानगी, लागतं. बऱ्याच परदेशी कंपन्यांकडे ते होत नाही, आणि 'ऑटो रिन्यू चालू' हे नुसतं स्क्रीनवर दिसत राहतं. माझ्या एका अशिलाचं कार्ड ऐन चवथीत नाकारलं गेलं. सूचना गेल्या त्या कोणी न उघडणाऱ्या ईमेलवर. साइट बंद आहे हे कळलं ते गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर, आणि डोमेन सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट दंड भरावा लागला. शिवाय जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी बिलावर रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरा. इथल्या रजिस्ट्रारला यूपीआयने पैसे दिले, तुमचा जीएसटी नंबर घातलेलं बिल घेतलं, की इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही मिळते. चारशे रुपये वाचवायला एवढी यातायात कशाला?

पर्वरीकर
ताई, ऑटो रिन्यूवर विसंबायचंच कशाला? डॉट कॉम एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येतं. पाच वर्षांचे पैसे हाताने भरा.

फोंडा_वेब
मी वेबसाइट करून देतो. गिऱ्हाइकांची डोमेनं माझ्याच खात्यात आहेत आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मंडळी पासवर्ड विसरतात, ईमेल उघडत नाहीत. रात्री साडेअकराला साइट पडली तर फोन मीच उचलतो. रजिस्ट्रार कोणता यापेक्षा सांभाळणारा माणूस कोण, ते बघा.

डिचोलीची_शमा
फोंडेकर, तुम्ही फोन उचलता हे मानते. पण माणूस कायम इथेच राहील हे कोणी सांगावं? आमच्या संस्थेची साइट ज्या मुलाने केली तो कुवेतला गेला. नोंद त्याच्या नावावर, ईमेल त्याचा. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. संस्थेने दर वर्षी पैसे भरल्याच्या पावत्या दाखवून काही उपयोग झाला नाही. २०१८च्या मे महिन्यापासून ही नावं बाहेरच्यांना बहुधा दिसतही नाहीत, म्हणून इतकी वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता. शेवटी नवं डोमेन घेतलं आणि पाचशे लेटरहेड रद्दीत घातली.

फोंडा_वेब
नाव आणि ईमेल मालकाचाच हवा, हे मान्य. माझ्याकडच्या नोंदी या महिन्यातच बदलून घेतो. लॉगिन मात्र माझ्याकडेच ठेवणार.

साखळी_काजूगर
शमाताईंचं वाचून लगेच खातं उघडून पाहिलं. नाव आमचंच आहे, पण ईमेल बाबांचा, कधीच बंद पडलेला. आधी तो बदलतो.

पर्वरीकर
थांबा! नाव किंवा ईमेल बदलला की बऱ्याच ठिकाणी ६० दिवस डोमेन हलवता येत नाही. बदलताना तो लॉक नको म्हणायचा पर्याय दिसतोय का ते आधी बघा. मग डोमेन अनलॉक करून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा परवलीचा शब्द, मागा. जुन्या रजिस्ट्रारला तो पाच दिवसांत द्यावाच लागतो. उरलेली मुदत बुडत नाही, वर एक वर्ष वाढतं. आणि डीएनएसमधल्या, म्हणजे साइट नि मेल कुठे न्यायची ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी, विशेषतः मेलच्या एमएक्स, आधी उतरवून घ्या. त्या राहिल्या तर साइट दिसेल आणि दिवाळीच्या ऑर्डरी येणारच नाहीत.

म्हापसा_हिशेब
माझं मत बदललेलं नाही. पण काहीही करा, नोव्हेंबरची वाट पाहू नका.

साखळी_काजूगर
पर्याय होता, त्यावर खूण केली. ईमेल बदलला, कोड मागितलाय. इथल्याच एकाकडे जातोय: दर पर्वरीकरांच्या हिशेबात बसतो आणि बिल म्हापशाच्या ताईंच्या. एमएक्सच्या पाच ओळी दुकानाच्या वहीत लिहून ठेवल्यात.