व्हेनेशियन ब्लाइंड्सना मराठी शब्द

विश्रामबाग, सांगली
आमच्या वाचनालयाच्या पश्चिमेच्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड्स बसवलेत. दुपारच्या उन्हात पट्ट्या जरा वर कलवल्या की उजेड छताकडे जातो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. वापराची सूचना मराठीत लावायची आहे. ‘झडप’ लिहावं का?

सातारा
झडप नको. झडप दारासारखी उघडते, लागते. चिकाचा पडदाही वेगळा: त्यातल्या बांबूच्या कामट्या फिरत नाहीत, सगळा पडदाच गुंडाळावा लागतो. आपल्याकडे ‘झिलमिल’ हा चांगला शब्द आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत तिरप्या फळ्यांची लाकडी दारं दिसतात ना, ती झिलमिलीची दारं. हा शब्द इंग्रजांनीही उचलला. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो ‘जिलमिल’ म्हणून आहे.

विश्रामबाग, सांगली
पण काका, ती लाकडी झिलमिल चौकटीत बसवलेली असते. आमची दोरीवर लोंबते आणि ओढली की वर गोळा होते. शिवाय आजच्या मुलांना झिलमिल म्हटलं की चमचमणारं काहीतरी वाटतं.

सातारा
लोंबण्याचा मुद्दा खरा आहे. इटालियन भाषेतही हा भेद आहे: खिडकीबाहेरच्या लाकडी झडपांना ‘पेर्सियाना’, म्हणजे इराणी, आणि आत टांगायच्या पट्ट्यांना ‘वेनेत्सियाना’. तेव्हा तुम्ही ‘झिलमिल पडदा’ लिहा. चमचमण्याच्या अर्थाला मात्र घाबरू नका, ताई. फटींतून थरथरत येणारा उजेडच तर इथे दिसतो. शब्द वापरला नाही तर तो मुलांच्या कानावर येणार कुठून?

कोन बदलण्याची सोय हा या वस्तूचा प्राण आहे. न्यू ऑर्लीन्सच्या जॉन हॅम्पसन यांना 1841 मध्ये त्याचंच पेटंट मिळालं. म्हणून सूचनेत ‘उघडा’, ‘बंद करा’ एवढंच नको, ‘पट्ट्या कलवा’ हवं. उदाहरणार्थ: ‘झिलमिल पडदा वर ओढण्याआधी पट्ट्या सपाट कराव्यात. कलवण्यासाठी दांडी फिरवावी, पट्टी हाताने वाकवू नये.’

मिरज
माझं पडदे शिवायचं काम आहे. गिऱ्हाईक ‘पट्टीचा पडदा’ म्हणतं आणि आम्हाला लगेच कळतं. तोही राहू द्या. उभ्या पट्ट्यांच्या व्हर्टिकलला काय म्हणाल?

सातारा
‘उभी झिलमिल’ चालेल. रोलर ब्लाइंडला पट्ट्याच नसतात, त्याला ‘गुंडाळता पडदा’च म्हणावं.