वापरलेला पेंटबॉल संच एकगठ्ठा घ्यावा का? पहिलीच खरेदी, खिसा बेताचा

कोरी_पाटी
भाड्याच्या मार्करवर (पेंटबॉलच्या बंदुकीवर) खेळून खेळून चटक लागलीये, आता स्वतःचं सामान घ्यायचं म्हणतोय. ओळखीतला एकजण खेळ सोडतोय. टिपमन ९८ मार्कर, गोळी ढकलणाऱ्या सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) २० औंसाची टाकी, साधा हॉपर (गोळ्या भरायचा डबा) आणि मास्क, सगळं एकगठ्ठा देतोय. मार्कर चालतो, मी स्वतः मारून बघितला. आकडाही परवडणारा आहे. पण मन म्हणतं, थोडं थांबून नवा इलेक्ट्रॉनिकच घ्यावा. समोरचे धो धो मारतात हो, आडोशामागून डोकं वर काढता येत नाही.

शिट्टीवाली
मी मैदानावर रेफरी असते, खेळण्यापेक्षा लोकांचं सामान तपासण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे मास्कपासून सुरुवात करते. त्या गठ्ठ्यातला मास्क फुकट दिला तरी घेऊ नकोस.

०.६८ कॅलिबरची गोळी सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास वेगाने येते. बहुतेक मैदानांची मर्यादा तेवढी किंवा थोडी कमी असते. ती अडवणारी काच पॉलिकार्बोनेटची. आधीच्या मालकाने तिच्यावर खिडकी पुसायचा स्प्रे मारला होता का, जवळून किती गोळ्या खाल्ल्या, हे नुसतं बघून कळत नाही. नवा घे, एएसटीएम एफ१७७६ या पेंटबॉल मास्कच्या सुरक्षा मानकाचा आणि थर्मल, म्हणजे दुहेरी काचेचा. मधल्या हवेच्या थरामुळे आतली काच गार पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही. एकेरी काच पळापळ सुरू झाली की धुकटते, आणि मग गडी भर खेळात बोट घालून मास्क उचलतो! माझा निम्मा दम तिथे शिट्ट्या मारण्यात जातो. घालून बघताना हस, मान खाली घाल, चष्मा असेल तर चष्म्यासकट बघ. फोम कपाळाला-गालाला सगळीकडे टेकला पाहिजे. त्या मॉडेलची सुटी काच मिळते का तेही आधी विचार, काच बदलावी लागतेच.

मार्कर मात्र खुशाल घे. जड आहे, आवाज करतो, पण चिखलात लोळला तरी चालतो आणि अ‍ॅलन की असली की घरी उघडता येतो. इलेक्ट्रॉनिकचा मोह आवर. पेंटची पेटी २००० गोळ्यांची, मार्कर जितका वेगवान तितकी ती लवकर संपणार. मार्करचे पैसे एकदाच जातात, पेंटचे दर खेळाला. आणि धो धो मारणाऱ्यासमोर बसून राहिलास तर कुठलाही मार्कर वाचवणार नाही. तो हॉपर भरायला थांबला की जागा बदल.

पंपवेडा
पंप मार्कर घ्या! दर गोळीला हात मागे-पुढे करावा लागतो, त्यामुळे नेम सुधारतो आणि एक पिशवी दिवसभर पुरते.

शिट्टीवाली
पंपदादा, येणार हे माहीतच होतं :) नेमाचं खरं आहे, पण नवख्याला पहिल्याच खेळात पंप दिला की तो नुसता चोप खातो. दुसरा मार्कर म्हणून घेऊ दे.

ओरिंग
मास्कबद्दल +१. टाकीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. तुमच्या मैदानावर सीओटू भरून मिळतो का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी आता फक्त दाबाने भरलेली साधी हवाच मिळते.

सीओटू टाकीत द्रवरूप असतो. २१ अंशांना दाब साधारण ८५० पीएसआय, ऊन चढलं की तोही चढतो. सकाळी क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पास झालेला मार्कर दुपारी मर्यादेबाहेर जातो तो असा. उलट भराभर गोळ्या झाडल्या की टाकी गार पडते, दाब उतरतो, कधी द्रव थेट मार्करमध्ये शिरून सील खराब करतो. हवेच्या टाकीला रेग्युलेटर असतो, दाब स्थिर राहतो. ४८/३००० ची अ‍ॅल्युमिनियमची टाकी सुरुवातीला पुष्कळ. म्हणजे ४८ घन इंच, ३००० पीएसआय. ४५०० ची कार्बन फायबरची हलकी असते, पण महाग. टिपमन दोन्हींवर चालतो. पुढे एमेकसारखा दुसरा मार्कर घेतलात तर त्याला हवाच लागते.

टाकीवर हायड्रो चाचणीची (टाकी दाब सोसते का, याच्या तपासणीची) तारीख कोरलेली असते. सहसा ५ वर्षांची मुदत. उलटून गेली असेल तर भरून देत नाहीत. हवेच्या टाकीच्या भरायच्या निपलला तेल कधीही लावू नका, दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं.

कोरी_पाटी
तारीख बघितली, मुदत कधीच संपलीये. मैदानवाले म्हणाले, फक्त हवा. मास्कही एकेरी काचेचा निघाला. दोन्ही वगळून भाव कमी करायला तो तयार आहे. हॉपर तरी ठेवू का?

शिट्टीवाली
ठेव. साध्या ट्रिगरला तो पुरतो, गोळी अडकली की मार्कर जरा हलवायचा. वाचलेल्या पैशांत मास्क घे, टाकी सध्या भाड्याने. बॅरलचं कापडी टोपण आणि आत फुटलेलं पेंट पुसायचा स्वॅब विसरू नकोस, टोपणाशिवाय मी कोणालाही मैदानाबाहेर मार्कर घेऊन फिरू देत नाही. पैसे द्यायच्या आधी भाड्याची टाकी लावून क्रोनोवर आठ-दहा गोळ्या मार, एकाच पेंटच्या. आकडे एकमेकांच्या जवळपास आले तर उचल. २५० वरून एकदम ३०० वर उड्या मारत असतील तर सील बदलायचा खर्च भावातून कापून घे.