अ‍ॅक्सेस: नवा सभासद नोंदवण्याचा फॉर्म कसा बांधावा?

नोंदवही
वाचनालयाच्या सभासद नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्म आहे. टेबलं सामायिक फोल्डरमध्ये, फॉर्मची फाइल दोन्ही काउंटरांवर वेगवेगळी. अडचणी अशा: फॉर्म उघडला की जुन्या सभासदाच्या नावावरच नवं नाव टाइप होतं. टेबलात नुसती तारीख असलेल्या रिकाम्या नोंदी सापडतात. पावती क्रमांकाला ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) लावलाय, त्यात मधले आकडे गळतात आणि लेखापरीक्षक विचारतात. रचना मुळातून बदलायची तयारी आहे.

कोष्टक
पहिल्या दोन्हींचं मूळ एकच: बघणं आणि भरणं एकाच दारातून चाललंय. फॉर्म एकच ठेवा, बटणं दोन करा. 'नवा सभासद' बटण ओपनफॉर्मला (फॉर्म उघडणारी आज्ञा) अ‍ॅक-फॉर्म-अ‍ॅड (फक्त नवी नोंद भरण्याचा पर्याय) देऊन उघडू द्या, म्हणजे जुन्या नोंदी दिसणारच नाहीत. 'सभासद शोधा' बटणाने उघडताना अलाउ एडिट्स (नोंदीत बदल करू देणं) 'नो' ठेवा आणि बदलासाठी वेगळं 'दुरुस्ती' बटण द्या.

रिकाम्या नोंदींसाठी करंट इव्हेंटचा (फॉर्म कुठल्याही नोंदीवर आला की चालणारा) कोड बघा. तिथे तारखेच्या रकान्यात किंमत भरली जात असणार. त्यामुळे कुणी काही टाइप न करताच नोंद 'डर्टी' (बदललेली, पण सेव्ह न झालेली) होते आणि फॉर्म बंद करताना सेव्ह होते. ती ओळ काढून रकान्याच्या डिफॉल्ट व्हॅल्यूमध्ये तारीख द्या. डिफॉल्टने नोंद सुरू होत नाही. सायकल प्रॉपर्टीही 'करंट रेकॉर्ड' करा, नाहीतर शेवटच्या रकान्यात टॅब दाबला की अ‍ॅक्सेस पुढच्या नोंदीवर उडी मारतं.

आणि बंद करायचं बटण तपासाच. नाव-पत्त्याची तपासणी अडली असेल तर डूसीएमडी.क्लोज (फॉर्म बंद करणारी आज्ञा) भरलेली नोंद काही न सांगता टाकून देतं. आधी डर्टी = फॉल्स करून सेव्ह करा, मग बंद करा. काउंटरवरचा माणूस नोंद झाली समजून पुढच्याकडे वळतो, म्हणून ही चूक सगळ्यात वाईट.

बेरीज_वजाबाकी
पावती क्रमांकाबद्दल. पहिलं अक्षर टाइप होताच ऑटोनंबर खर्च होतो. एस्केप दाबून नोंद सोडली तरी तो परत येत नाही. त्याला आतली प्रायमरी की (नोंद ओळखण्याचा क्रमांक) म्हणून ठेवा, पावतीवर छापू नका.

पावतीसाठी दोन रकाने घ्या, दोन्ही लाँग इंटिजर (पूर्णांक): आर्थिक वर्ष आणि क्रमांक. पावतीच्या तारखेतून डेटअ‍ॅडने 3 महिने वजा करून वर्ष काढलं की एप्रिल 2025 ते मार्च 2026 साठी 2025 मिळतं. त्या वर्षाचा डीमॅक्स (आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक) अधिक 1 हा पुढचा क्रमांक; वर्षाच्या पहिल्या पावतीला डीमॅक्स नल (रिकामी किंमत) देतो, म्हणून नल असेल तर 0 धरा. हा हिशेब फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये (सेव्ह होण्याआधी चालणारा इव्हेंट), सगळ्या तपासण्यांनंतर आणि फक्त न्यूरेकॉर्ड (नवी नोंद) असतानाच. फॉर्म उघडताना क्रमांक काढलात तर दोन्ही काउंटरांना एकच आकडा मिळू शकेल.

तरीही क्षणभराची फट उरते. वर्ष आणि क्रमांक मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा सेव्ह होऊ न देणारी अट) लावा. टक्कर झाली तर 3022 ही त्रुटी येते. ती फॉर्मच्या एरर इव्हेंटमध्ये पकडून 'पुन्हा सेव्ह करा' एवढं सांगा, नवा क्रमांक आपोआप निघेल. '2025-26/9' असा मजकूर साठवू नका, मजकुरात 9 हा 10 पेक्षा मोठा ठरतो. अलाउ डिलीशन्स (नोंद पुसू देणं) 'नो', आणि चुकलेल्या पावतीला 'रद्द' अशी खूण.

नोंदवही
शुल्काचा तपशील सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आतला फॉर्म) आहे. त्यात शिरलं की क्रमांक लगेच पडेल ना?

कोष्टक
हो, सबफॉर्मवर क्लिक करताच मुख्य नोंद सेव्ह होते. म्हणून मुख्य नोंद सेव्ह होईपर्यंत सबफॉर्म बंद ठेवा आणि सेव्हच्या बटणानंतरच खुला करा. त्यानंतर सोडलेली पावती 'रद्द' धरायची. शुल्काच्या टेबलातला सभासद आयडी रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) करा, त्याचा डिफॉल्ट 0 असेल तर पुसा. नाहीतर मुख्य नोंद रिकामी असताना सबफॉर्ममध्ये भरलेली रक्कम कुणाच्याच नावावर राहत नाही.

बेरीज_वजाबाकी
मोबाइलचा रकाना 10 अक्षरांचा टेक्स्ट ठेवा; लाँग इंटिजरची मर्यादा 2147483647 आहे, 98 ने सुरू होणारा नंबर त्यात बसत नाही. त्यावर युनिक इंडेक्स मात्र नको. एका घरातले तिघे एकच मोबाइल देतात. डीकाउंटने (जुळणाऱ्या नोंदी मोजणारं फंक्शन) आधीची नोंद सापडली तर फक्त सूचना द्या, अडवू नका.