अमेरिकेचं विमान रात्री १२:५० चं, मग कोव्हिड चाचणी नेमकी कोणत्या तारखेला?

नाशिककर_८४ | ११ जानेवारी २०२२
आई-बाबा मुंबईहून थेट नेवार्कला निघतायत. वय ६८ आणि ७२, दोघांचे कोव्हिशील्डचे दोन्ही डोस झालेत. तिकिटावर गुरुवार, २० जानेवारी, रात्री १२:५०. नाशिकहून १९ ला दुपारी गाडीने निघतील. इथली लॅब म्हणते, १८ ला सकाळी स्वॅब द्या, १९ ला सकाळी रिपोर्ट घ्या, ७२ तासांच्या आत बसतं. चालेल का? आणि आरटी-पीसीआरच लागते की अँटिजेनही चालते?

तिकीटखिडकी
नाही चालणार. १८ चा स्वॅब असेल तर बोर्डिंग पासच मिळणार नाही.

७२ तासांचा नियम भारतात येणाऱ्यांसाठी आहे, एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर रिपोर्ट चढवतात तो. लॅबवाल्यांच्या तोंडी तोच बसलाय. अमेरिकेने ६ डिसेंबरपासून मुदत तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. लस झालेली असो वा नसो, दोन वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना ती लागू आहे.

हा 'एक दिवस' घड्याळाचा नाही, कॅलेंडरचा. विमान ज्या तारखेला सुटतं तिच्या आदल्या तारखेला कधीही स्वॅब द्या. दुपारी १ च्या विमानाला आदल्या सकाळी ८ चा स्वॅब चालतो, मध्ये २९ तास गेले तरी. मुंबईहून अमेरिकेची विमानं मात्र बरीचशी मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात, आणि गफलत तिथेच होते. घरात सगळे '१९ च्या रात्रीचं विमान' म्हणतात आणि आदला दिवस १८ धरतात. तिकिटावर २० आहे, म्हणजे स्वॅब १९ चाच हवा.

मोजतात ती स्वॅब घेतल्याची तारीख. रिपोर्टवर नोंदणी, नमुना घेतला, नमुना लॅबला पोचला, रिपोर्ट दिला, अशा चार वेळा छापलेल्या असतात. काही लॅब 'नमुना घेतला' ही ओळच छापत नाहीत. ती आहे ना, हे आधी एखादा जुना रिपोर्ट मागून बघा.

अँटिजेन चालते, आणि तुमच्या बाबतीत तीच बरी. नऊला विमानतळावर पोचायचं तर नाशिकहून दोनच्या आत निघावं, कसारा घाट आणि भिवंडीचा भरवसा नाही. सध्याच्या गर्दीत सकाळी ८ ला दिलेल्या आरटी-पीसीआरचा रिपोर्ट तोवर येईलच असं कोणतीही लॅब छातीठोकपणे सांगणार नाही. अँटिजेनचा निकाल १५ ते ३० मिनिटांत कळतो. फक्त चाचणी लॅबमध्येच करा. मेडिकलमधून आणलेलं किट घरी वापरून काढलेला रिपोर्ट चालत नाही, कुणाच्या देखरेखीखाली झालेला नसतो. अँटिबॉडी चाचणीचाही इथे उपयोग नाही.

नाशिककर_८४
बरं झालं विचारलं. मग १९ ला सकाळी ८ ला अँटिजेन. सोबत आरटी-पीसीआरही देऊन ठेवू का, राखीव म्हणून?

स्वॅबकाउंटर
देऊ नका. अँटिजेन निगेटिव्ह घेऊन कसाऱ्यापर्यंत पोचाल आणि फोनवर पीसीआर पॉझिटिव्ह येईल. मग निगेटिव्ह कागद हातात असूनही प्रवास करता येणार नाही, करूही नये. खरंच राखीव हवी असेल तर मुंबई विमानतळावर रॅपिड पीसीआर होते, त्यासाठी ठरल्या वेळेच्याही दीड-दोन तास आधी पोचा. आरटी-पीसीआरचे सरकारी दर केंद्रावर ३५०, घरी येऊन ७०० आहेत. विमानतळावरची रॅपिड चाचणी त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

रिपोर्ट अडतो तो बहुतेक वेळा नावावर. लॅब आधार बघून नाव टाकते, आणि आधारवरचं नाव पासपोर्टसारखं असेलच असं नाही. आईंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे असेल आणि रिपोर्टवर नुसतं आद्याक्षर, किंवा एकीकडे माहेरचं आडनाव. नोंदणीच्या वेळी पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि स्वॅब देण्याआधी स्क्रीनवरची नोंद वाचून घ्या. नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा तासभर. पूर्ण नावासोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक, चाचणीचा प्रकार, लॅबचं नाव आणि संपर्क, निकाल, एवढं कागदावर हवंच. जन्मतारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. ०५/०३ चा अर्थ अमेरिकेत ३ मे होतो.

दोन-दोन छापील प्रती ठेवा. फोनची बॅटरी काउंटरवरच संपते, हा निसर्गनियम आहे.

पुणे_शिकागो
यातच विचारतो. आईला नोव्हेंबरअखेर कोव्हिड होऊन गेला. परवा सहज केलेली आरटी-पीसीआर अजून पॉझिटिव्ह. विमान २२ ला पहाटे २ चं, दिल्लीहून. पुणे-दिल्ली तिकीट वेगळं काढलंय.

स्वॅबकाउंटर
बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे नाकात काही आठवडे राहतात आणि पीसीआर तेवढेही पकडते. सीटी व्हॅल्यू (नमुन्यात विषाणू किती, याचा अंदाज देणारा रिपोर्टवरचा आकडा) दाखवून काउंटरवर कुणी ऐकत नाही. दोन मार्ग आहेत. एक, अँटिजेन. संसर्ग ओसरला असेल तर ती साधारणपणे निगेटिव्ह येते. दुसरा, चाचणीच नको: नोव्हेंबरचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, विमानाच्या तारखेपासून मागे ९० दिवसांच्या आतला, आणि नोंदणीकृत डॉक्टरांचं लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र, की रुग्ण बरी झाली असून प्रवासास हरकत नाही. मूळ रिपोर्ट लॅबचाच हवा, घरच्या किटचा फोटो चालत नाही.

तिकीटखिडकी
तिकिटं वेगळी, म्हणून दिल्लीच्या विमानाची तारीख धरा: स्वॅब २१ चा. पुण्याहून २१ लाच निघत असाल तर सकाळी पुण्यात द्या. दोन दिवस आधी दिल्लीला जाणार असाल तर दिल्लीत. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असता आणि मधला प्रत्येक थांबा २४ तासांपेक्षा जास्त नसता, तर पहिल्या विमानापासून मोजलं असतं. परदेशात थांबा असेल तर त्या देशाचा नियम वेगळा बघावा लागतो. काउंटरवरचे लोक टिमॅटिकवर, म्हणजे एअरलाइन वापरतात त्या प्रवासनियमांच्या डेटाबेसवर, जे दिसेल तेच मानतात, त्यांच्याशी वाद घालून काही निघत नाही.

नाशिककर_८४
आणि विमानच सहा तास लेट झालं तर?

तिकीटखिडकी
तुमची तारीख २० च राहते, काहीच बदलत नाही. धुक्यामुळे किंवा बिघाडामुळे २१ वर गेलं तरी, मुदत संपल्यापासून २४ तासांपर्यंतचा उशीर माफ आहे, कारण तुमच्या हातातला नसला म्हणजे झालं. एअरलाइनचा उशिराचा मेसेज पुसू नका. त्याहून लांबलं तर पुन्हा स्वॅब.

कोविनवरून परदेश प्रवासाचं, पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असलेलं प्रमाणपत्र उतरवून घ्या, साधं नको. चाचणीबद्दलचं प्रतिज्ञापत्र दोघांचं वेगवेगळं भरायचं.

गोदाकाठ
एक राहिलं. १४ ला संक्रांत, मग हळदीकुंकवाची बोलावणी सुरू. आईंना म्हणावं, यंदाचं वाण फोनवरच.